चौथा स्क्रू

नगरपालिकेतल्या माझ्या कामाला धड नाव नाही.
पगाराच्या चिठ्ठीवर लिहितात : भिंती, किरकोळ.
म्हणजे त्रिएस्तेच्या जुन्या भागातल्या
एकशे चौदा स्मृतिफलकांची हजामत.
कबुतरांची घाण, शेवाळ, कुणीतरी चिकटवलेलं च्युइंगम.
व्हिनेगर, जुना टूथब्रश, मऊ फडकं.
संगमरवर दाबून घासायचा नसतो,
पितळेचे फार लाड करायचे नसतात,
एवढं कळायला मला सहा वर्षं लागली.

इथे माणसं मेल्यावर उंचावर राहायला जातात,
पहिल्या मजल्याच्या वीतभर खाली.
या घरात अमुक संगीतकार अकरा रात्री झोपला.
त्या घरात तमुक बाईंनी शाळा काढली, आणि बंद केली.

काही ठिकाणी नुसतीच चार भोकं.
राज्य बदललं की भाषा बदलायची,
भाषा बदलली की फलक उतरायचा.
भोकं कुणी बुजवली नाहीत.
एकात गांधीलमाशीनं घर केलंय.
माझ्या यादीत ते नाही,
तरी शिडी तिथून जरा लांबच लावतो.

मंगळवारी हातात कागद आला :
घर क्रमांक सात, कप्तान आन्सेल्मो ब्रातिना यांचा फलक
चुकीच्या भिंतीवर आहे.
मागे कधीतरी गल्लीचे नंबर उलट्या टोकाकडून मोजले गेले.
कप्तान राहायचे समोर,
जिथे आता मोबाइल दुरुस्त करतात.
तरी फलक काढून तिथे बसवावा.
खाली शिक्का, सही, सहीवर कॉफीचा गोल.

बोरा सुटला होता.
हा आमचा वारा. टोपी, छत्री, सैल पत्रा,
जे जे हलकं ते ते त्याचं.
मी शिडी तळमजल्याच्या गजांना बांधली.
तीन स्क्रू निघाले, तेवढ्यात वरची खिडकी उघडली.
ओंदिनाबाई. तिसरा मजला.
"कुठे नेतोस त्यांना?"
मी कागद फडफडवला.
म्हणाल्या, वर ये, वाऱ्यात भांडता येत नाही.

वर काळी कॉफी. साखर विचारली नाही.
"बत्तीस वर्षं लोक बेल वाजवून विचारतात,
कप्तान इथेच राहायचे ना?
आधी मी नुसतं हो म्हणायची.
मग एक पोरगी फार लांबून आलेली, जाईचना,
तिला म्हटलं, ही खिडकी त्यांची.
खिडकी झाली म्हणून खुर्ची आली.
खुर्चीत बसून बसून गुडघे धरले.
मग एक पोपट, फक्त ग्रीकमध्ये शिव्या देणारा.
मग खोकला."
कप बशीत ठेवून म्हणाल्या,
"पोपट मी घातलाय, खोटं कशाला बोलू?
खोकला मात्र खरा.
आमचे हे गेले त्या हिवाळ्यात पहिल्यांदा ऐकला."

मी काय बोलणार! माझं खातं भिंतींचं.

खाली येऊन चौथ्या स्क्रूला हात घातला.
गंजलेला. तेल सोडलं, थांबलो.
फिरला नाही असं मी कागदावर लिहिलंय.
खरं म्हणजे अर्धा आटा फिरला होता.
तो परत आवळला, मग उरलेले तिन्ही,
आणि खाली कारण लिहिलं : वारा.

बोरा तीन दिवसांत पडेल. मग कारण नसेल.
समोर शफिउलनं शटरवरची जागा
आत्ताच ओल्या फडक्यानं पुसून ठेवलीय.
काल विचारत होता, हे कप्तान माझ्याकडे आले
आणि गिऱ्हाइकानं काही विचारलं, तर सांगू काय?
मी म्हटलं, समोर जा, तिसरा मजला,
काळी कॉफी चालत असेल तर.

तो वर खिडकीकडे बघत राहिला.
म्हणाला, त्या बाई रात्री फार खोकतात.
औषध वगैरे घेतात का?